मिठागुळाच्या पाण्याची डॉक्टरीण

डॉक्टरीणबाई समोर आलेल्या माणसाला पहिला प्रश्न एकच विचारायच्या. "लघवी झाली का?" समोरचा म्हातारा असो, नवी नवरी असो की कडक इस्त्रीचा पुढारी असो, नावगाव नंतर. अंगातलं पाणी संपलं की लघवी थांबते, आणि ती थांबली की माणसाच्या हातात फार थोडा वेळ उरतो, एवढं साधं त्यांचं शास्त्र. पण बायका पदरात तोंड लपवायच्या आणि गडी एकमेकांना कोपरानं ढोसायचे. आठ दिवसांत लोकांनी त्यांचं जे नाव पाडलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मीही ते नाव घेऊन हसलो आहे. एकदा ते त्यांच्या कानावर गेलं, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या की नाव काहीही ठेवा, उत्तर मात्र द्या.

त्यांचं खरं नाव डॉ. मनोरमा सत्राळकर. पारनेर तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी कंपाउंडर होतो, आणि बहात्तरच्या दिवाळीनंतर त्या तिथं आल्या. दुष्काळ पडला होता. माणसं गाव सोडून दुष्काळी कामांवर राहायला गेली होती; कुठं पाझर तलाव, कुठं रस्ता, कुठं नुसती खडी. एकेका कामावर हजार-हजार माणसं, आणि प्यायला टँकरचं नाहीतर खड्ड्यातलं पाणी. त्या माणसांसाठी सरकारनं काही डॉक्टर तात्पुरते नेमले होते, त्यांतल्या या एक. पन्नाशीच्या, बुटक्या, पांढरी सुती साडी घोट्याच्या वर खोचलेली, पायांत पुरुषी कॅनव्हासचे बूट, आणि मनगटाच्या आतल्या बाजूला पुरुषी घड्याळ. लग्न केलं होतं की नव्हतं, घरी कोण होतं, आम्हाला कधी कळलं नाही. विचारायची कुणाची छाती नव्हती. आदल्या वर्षी त्या बंगालच्या सीमेवर निर्वासितांच्या छावण्यांत पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, साथीत काम करून आल्या होत्या, एवढं मात्र त्यांच्या बोलण्यातून कधीमधी निघायचं.

त्या दवाखान्यात फारशा बसतच नसत. जीपमधून एका कामावरून दुसऱ्या कामावर. जीपचा ड्रायव्हर सय्यदभाई. दोघांचं जमायचं, कारण दोघंही कमी बोलायचे. थकल्या की त्या म्हणायच्या, "सय्यद, दहा मिनिटं." मग बसल्या जागी मान टाकून झोपायच्या आणि बरोबर दहाव्या मिनिटाला जाग्या होऊन "चला" म्हणायच्या. सय्यदभाई सांगायचा की एकदा त्यानं मुद्दाम अर्धा तास कुणी उठवायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बाई दहाव्या मिनिटालाच उठल्या.

आजारी माणूस न्यायला गाडी हवी असली आणि जीप जवळ नसली, तर त्या रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहायच्या. हात वर नाही, ओरडणं नाही, नुसत्या उभ्या. उसाच्या मळीचा टँकर, सरकारी साहेबाची गाडी, वऱ्हाडाचा ट्रक, जे येईल ते थांबायचं. वऱ्हाडाच्या ट्रकमधून त्यांनी एक अडलेली बाळंतीण नगरला नेली होती, आणि वरमाईला तिचं डोकं मांडीवर घ्यायला लावलं होतं. एकदा एका गावात पाठीचा मणका दुखावलेला माणूस उचलायला स्ट्रेचर नव्हतं, तर त्यांनी शाळेचं दार बिजागरीतून काढायला लावलं. हेडमास्तरांनी वर तक्रार केली. तिचं उत्तर बाईंनी मला सांगून लिहवून घेतलं: "दार परत बसवले आहे. माणूस चालतो आहे."

त्यांची एक गोष्ट मला पुढं फार वेळा आठवली. एका पाझर तलावाच्या कामावर मातीचा कडा ढासळला. आम्ही पोचलो तेव्हा मुकादम पाय धरून मोठमोठ्यानं ओरडत होता. त्याच्या भोवती पन्नास माणसं जमली होती. बाई त्याच्या अंगावरून ओलांडून गेल्यासारख्या पुढं गेल्या. मी म्हणालो, बाई, मुकादम इकडं आहे. त्या न थांबता म्हणाल्या, "ओरडतोय ना? मग तो थांबू शकतो. गप्प कोण आहे ते बघा." पलीकडं ढिगाला टेकून एक पोरगेलासा मजूर शांत बसला होता, जणू सावलीला बसलाय. त्याला ओठ निळे झाल्याचंही कळत नव्हतं. बाईंनी त्याला आधी घेतलं, आणि तो वाचला. मुकादमाचा पायही नीट बसला. पण भर कामावर, आपल्या हाताखालच्या माणसांदेखत, एका मजुरासाठी आपल्याला थांबवलं हे तो विसरला नाही.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी सव्वीस वर्षांचा होतो, परीक्षा पास झालेला कंपाउंडर होतो आणि मला त्याचा अभिमान होता. औषधाच्या खोलीची किल्ली माझ्याकडं असे. सलाईनच्या बाटल्या तेव्हा फार दुर्मिळ. जिल्ह्याहून मोजून यायच्या, म्हणून त्या कुलपात ठेवायच्या असा हुकूम होता. दुसरी किल्ली जिल्ह्याच्या कचेरीत. मी गाव सोडताना किल्ली बाईंच्या हातात द्यायची, असा बाईंनीच घालून दिलेला नियम होता.

बाईंचा स्वतःचा भरवसा मात्र दुसऱ्याच गोष्टीवर होता. उकळून गार केलेलं तांब्याभर पाणी, त्यात चिमूटभर मीठ, मूठभर गूळ, जरासा खायचा सोडा. चाखून बघायचं, डोळ्यातल्या पाण्याहून खारट लागलं तर ओतून द्यायचं. जुलाब-ओकारी झालेल्या माणसाला हे चमच्या-चमच्यानं पाजत राहायचं, ओकला तरी थोडं थांबून पुन्हा पाजायचं. बंगालमध्ये सलाईन संपलं तेव्हा यावर माणसं जगली, असं त्या सांगायच्या. ज्याला गिळता येतंय त्याला हे पाणी आणि ज्याला गिळता येत नाही त्याला बाटली, एवढा त्यांचा हिशेब. त्यांनी कामावरच्या बायकांना हे शिकवलं, सय्यदभाईला शिकवलं. मलाही शिकवायला बसवलं, तेव्हा मी मान डोलावली आणि मनात म्हणालो की गुळाचं पाणी करायला मी औषधांचं शास्त्र शिकलो नव्हतो. जिल्ह्याचे मोठे साहेबही या पाण्यावर नाराज होते. असले घरगुती प्रयोग सरकारी दवाखान्यात नकोत, असं त्यांचं पत्र आलेलं मी वाचलं होतं. वाचून मला बरंच वाटलं होतं, हे कबूल करतो.

त्र्याहत्तरच्या चैत्रात केडगावला माझ्या मेहुण्याचा साखरपुडा होता. मी रजा मागितली नाही, कारण कामावर जुलाबाचे एक-दोन पेशंट निघाले होते आणि बाई नाही म्हणतील अशी भीती होती. सकाळच्या पहिल्या एसटीनं जायचं आणि दुपारी परतायचं, कुणाला कळणारही नाही असा बेत केला. शिपाई गणपतला सांगून गेलो. किल्ली शर्टाच्या खिशात राहिली. राहिली असंच मी इतकी वर्षं म्हणत आलो. खरं म्हणजे ती द्यायची तर जातोय हे बाईंना सांगावं लागलं असतं.

त्या सकाळी जे झालं ते मी पाहिलं नाही. मी तेव्हा केडगावात पंक्तीत बसलो होतो. मला ते सय्यदभाईनं नंतर सांगितलं.

सात वाजता आठ-नऊ मैलांवरच्या तलावाच्या कामावरून माणूस धावत आला. पटकी फुटली होती. बाई जीपमध्ये कायम असणाऱ्या दोन बाटल्या घेऊन निघाल्या. तिथं ताडपत्रीखाली तीस-बत्तीस माणसं आडवी पडली होती. बाईंनी मजुरांना वाटायची सरकारी सुकडी शिजवायच्या कढया रिकाम्या करून चुलीवर पाणी चढवलं, गूळ मागवला, आणि प्रत्येक आजाऱ्याजवळ एक चांगलं माणूस बसवून त्याच्या हातात चमचा दिला. दोघं बेशुद्धीत होते, त्यांना त्या दोन बाटल्या लावल्या. एवढं झाल्यावर नऊच्या सुमाराला पलीकडच्या पालातून गयाबाई नावाच्या बाईला उचलून आणलं. पूर्वेकडच्या कोरड्या भागातून आलेली, नवरा नसलेली बाई. रात्रभर पालात एकटीच पडली होती. कुणाला त्रास नको म्हणून तिनं कुणाला हाक मारली नव्हती. बरोबर पाच-सहा वर्षांची मुलगी. मुलगी आईच्या तोंडात चमच्यानं पाणी घालत होती आणि ते गालावरून खाली ओघळत होतं.

बाईंनी सय्यदभाईला बाटल्या आणायला पिटाळलं. रस्ता बैलगाडीचा, जीपला तास लागायचा. दवाखान्यात औषधाच्या खोलीला कुलूप. गणपत दारात उभा राहिला. म्हणाला, सरकारी कुलूप हाय, माझी नोकरी जाईल, लेखी आणा. सय्यदभाई रिकामा परत गेला. बाईंनी चिठ्ठी लिहिली: "कुलूप तोडा. जबाबदारी माझी." पुन्हा तास जायला, तास यायला. तो बाटल्या घेऊन पोचला तेव्हा दीड वाजला होता. गयाबाई साडेबाराला गेली होती. बाकीची सगळी माणसं जगली, बाटलीवरची ती दोघं सोडली तर नुसत्या त्या पाण्यावर. एकूणएक.

मी तीनला आलो. कडी उचकटलेली पाहिली. गणपतनं घाबऱ्या-घाबऱ्या चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि मी ती खिशात घातली. संध्याकाळी बाई आल्या, हातपाय धुतले आणि मला म्हणाल्या, "कुलथे, उद्या ब्लीचिंग पावडर लागेल, दोन पोती काढून ठेवा." त्यांनी दुसरं काहीच विचारलं नाही. मी त्या रात्री देवाचे आभार मानले.

पंधरा दिवसांनी पाय दुखावलेल्या त्या मुकादमाचा अर्ज वर गेला. डॉक्टरीणबाईंनी औषध असताना गुळाचं पाणी पाजून बाई मारली, असा अर्ज. जिल्ह्याहून एक साहेब चौकशीला आले. दवाखान्याच्याच खोलीत टेबल मांडलं. साहेब, त्यांचा लेखनिक, बाई आणि मी. बाई खुर्चीत सरळ बसल्या होत्या, हात मांडीवर. साहेबांनी मला विचारलं की त्या दिवशी दवाखान्यात सलाईन शिल्लक होतं का. मी होतं म्हणालो. मग त्या बाईला ते का लावलं नाही, असं त्यांनी विचारलं.

माझ्या खिशात ती चिठ्ठी होती. साखरपुड्याचा तोच ठेवणीतला शर्ट होता, मधे धुवायला गेला नव्हता. मी म्हणालो, "ते बाईंनाच ठाऊक साहेब. त्यांचा मिठागुळाच्या पाण्यावर विश्वास होता."

यात खोटा शब्द एकही नव्हता. मी वाक्य आदल्या दिवशीच जुळवून ठेवलं होतं.

साहेब बाईंकडं वळले. बाई म्हणाल्या की बाटल्या वेळेवर पोचल्या नाहीत. का पोचल्या नाहीत, असं साहेबांनी विचारलं. तेव्हा बाईंनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. पेशंटला प्रश्न विचारून उत्तराची वाट बघताना त्या जशा बघायच्या, तशा. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. लेखनिकानं टाक दौतीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला, एवढं आठवतं. मी टेबलाच्या पायाकडं बघत राहिलो. मग बाई साहेबांना म्हणाल्या, "मी जीपमध्ये जास्त बाटल्या ठेवायला हव्या होत्या. चूक माझी आहे, तसं लिहा."

लेखनिकानं तसं लिहिलं.

बाहेर लिंबाखाली सय्यदभाई जीपला टेकून उभा होता. त्याला कुणी आत बोलावलं नव्हतं. ड्रायव्हरला कोण विचारतो. साहेब गेल्यावर मी उगाच त्याच्याजवळ जाऊन म्हणालो की मिटलं एकदाचं. तो जीपवरून पाठ काढून सरळ उभा राहिला. मग म्हणाला, "म्या आत येऊन सांगनार हुतो. बाईंनीच अडवलं. म्हनल्या, सय्यद, तू बोलू नको, ज्याचं त्याला बोलू दे." पुढं म्हणाला, "आन् म्या तरी कुठला लई शहाना. पयल्या खेपंलाच कुलूप तोडाया पायजे हुतं. आता झोप न्हाई लागत." त्याची झोप गेली होती. मला लागत होती. त्यानंतर त्यानं मला जीपमध्ये कधी घेतलं नाही. जागा असली तरी नाही.

बाईंची नेमणूक तात्पुरतीच होती. महिनाअखेर ती संपली आणि पुढं वाढवली नाही. त्या गेल्या त्या दिवशी कामावरच्या बायका दवाखान्यापर्यंत चालत आल्या होत्या. बाईंनी प्रत्येकीला विचारलं, पाणी उकळता ना, झाकण ठेवता ना, आणि ट्रंक एसटीच्या टपावर चढवून निघून गेल्या. मी टपावर ट्रंक चढवायला मदत केली. तेवढं केलं. चिठ्ठीचं म्हणाल तर ती पुढच्या धुण्यात शर्टाबरोबर भिजली आणि तिचा लगदा झाला. बायकोनं खिसा उलटा करून तो झटकला.

पुढं काही वर्षांनी तेच पाणी सरकारनं पुड्यांतून वाटायला काढलं. गावोगाव भिंतींवर त्याची चित्रं रंगली. मी नोकरीतली उरलेली सगळी वर्षं बायाबापड्यांना ते कसं करायचं, कसं पाजायचं ते शिकवत हिंडलो. डोळ्यातल्या पाण्याहून खारट नको, हे वाक्यही मीच म्हणायचो, आणि लोकांना ते फार आवडायचं. निवृत्तीच्या समारंभात एका साहेबानं भाषणात सांगितलं की कुलथ्यांनी या भागात शेकडो जीव वाचवले. मी हार गळ्यात घालून बसलो होतो. उठून काही बोललो नाही. बोलायची सवय तोवर मोडली होती.

पण बाई मला एकदा भेटल्या, त्याबद्दल सांगायचं राहिलं. चौऱ्याहत्तरच्या थंडीत. माझी बदली उत्तरेला, गोदावरीच्या बाजूला झाली होती, आणि औषधांचं पार्सल सोडवायला मी पुणतांब्याच्या स्टेशनवर गेलो होतो. सकाळचे दहा वाजले असतील. फलाटावरच्या बाकावर बाई बसल्या होत्या. तेच बूट, तीच ट्रंक. केस अगदी पांढरे झाले होते. त्या मनमाडकडच्या गाडीची वाट बघत होत्या. बिहारात देवीची साथ होती, तिकडं निघाल्या होत्या.

मला बघून त्या म्हणाल्या, "कुलथे, वाळलात की हो." मी नमस्कार केला. वर्ष-दीड वर्ष मी दोन वाक्यं मनात घोळवत होतो. रस्त्यानं चालताना, औषध कालवताना. आता म्हणायचंच, असं ठरवून मी सुरुवात केली, "बाई, त्या चौकशीच्या वेळी..."

त्यांनी ते ऐकलं की नाही, कळलं नाही. त्या स्वतःच्याच विचारात होत्या. त्यांनी मला विचारलं, "कुलथे, त्या गयाबाईची मुलगी. तिचं पुढं काय झालं, कळलं का हो? मी दोन पत्रं लिहिली तिकडं, उत्तर आलं नाही."

मला ठाऊक नव्हतं. मी कधी चौकशीच केली नव्हती. ती कामावरून कुणाबरोबर गेली, कुठल्या गावाला गेली, जिवंत होती की नव्हती, यातलं काही मला ठाऊक नव्हतं, आणि या सगळ्या काळात ते विचारावं असं माझ्या मनातही आलं नव्हतं. माझ्या मनात होतो तो मीच.

मी म्हणालो, "हो, कळलं ना. मामाकडं असते. बरी आहे."

बाईंचा चेहरा बदलला. दवाखान्यात इतके महिने काढले, पण तसा चेहरा मी त्यांचा पाहिला नव्हता. "शाळेत घातलीय?"

"घातलीय. पहिलीत आहे."

"नाव काय तिचं? त्या दिवशी विचारायचंच राहिलं माझं."

"शांता," मी म्हणालो.

"शांता," त्या म्हणाल्या. आणि पुन्हा एकदा, हळू, स्वतःशीच, "शांता."

गाडी आली. मी ट्रंक डब्यात चढवली. बाई खिडकीशी बसल्या, आणि फलाटावर राहात्याच्या पेरूंची पाटी घेऊन एक बाई फिरत होती तिला त्यांनी हाक मारली. हातात घेऊन, दाबून, वास घेऊन दोन चांगले पेरू निवडले आणि खिडकीतून माझ्याकडं दिले. म्हणाल्या की तिकडं जाल तेव्हा शांताला द्या. डॉक्टरीणबाईनं दिले म्हणू नका, तिला आईची आठवण होईल.

मी पेरू घेतले. गाडी हलली तरी बाई खिडकीच्या गजांना धरून माझ्याकडं बघत होत्या आणि हसत होत्या. मग काहीतरी सुचल्यासारखं त्यांनी तोंड गजांपाशी आणलं आणि चाकांच्या आवाजावर ऐकू यावं म्हणून जरा मोठ्यानं म्हणाल्या, "धुऊन द्या हं तिला."

मी मान हलवली.